आडनाव कळलं, नाव सांगा

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीवर एक लोखंडी स्टूल असतं. त्याचा एक पाय आखूड आहे. नवखा माणूस बसला की स्टूल त्याला पुढे झुकवतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायला लावतं. बाजारपेठेतले भलेभले त्या स्टुलानं नम्र करून सोडले. त्यावर ताठ बसणारा माणूस मी एकच पाहिला. ते आधी एक चप्पल काढायचे, त्या आखूड पायाखाली सरकवायचे आणि मग पायावर पाय टाकून असे बसायचे, की जणू आता समोरच्या स्टँडवरच्या गाड्या त्यांच्या सहीशिवाय हलणार नाहीत.

हे दिनकरराव, निवृत्त तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला नावानं हाक मारत नाहीत, भाऊसाहेब म्हणतात. नोकरी संपली तरी ही पदवी जात नाही. भाऊसाहेबांची तर उलट वाढली होती, कारण निवृत्तीनंतर त्यांनी जमिनीचं काम सोडून शरीराचं काम हातात घेतलं होतं.

पुण्याहून येणारी गाडी स्टँडवर लागली की उतरणाऱ्यांत एखादा तरी काखेत एक्स-रेची भलीमोठी पिशवी घेतलेला असतो. तो रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे येतो. मी चष्मा लावून चिठ्ठी वाचेपर्यंत पायरीवरून आवाज यायचा.

"कुठलं गाव, पाव्हणं?"

"आमी वेल्ह्याकडचं."

"काय सांगितलं डॉक्टरनं?"

मग तो माणूस इकडे बघायचा, तिकडे बघायचा, टोपी काढायचा आणि देवाची शपथ घ्यावी तसा हळूच म्हणायचा, "कॅन्सर म्हनत्यात."

"ते आडनाव झालं," भाऊसाहेब म्हणायचे. "आडनाव कळलं. नाव सांगा."

माणूस गोंधळायचा. भाऊसाहेबांना तेच हवं असायचं. "तुमच्या गावात निम्मं गाव एकाच आडनावाचं ना? दगड भिरकावला तर शिंद्यालाच लागणार. म्हणून सगळे शिंदे सारखे असतात का? एक भजनाला जातो, एक कोर्टात जातो. एक शब्दाला ऐकतो, दुसरा काठीलाही ऐकत नाही. तसं हे. जिभेचा वेगळा, जठराचा वेगळा, फुफ्फुसाचा वेगळा. प्रत्येकाला औषध वेगळं. नुसतं शिंदे शिंदे म्हणून रडत बसलात तर कुणाच्या दारात जाणार? नाव सांगा!"

एकदा बोलायला लागले की थांबत नसत. साधी गाठ आणि वाईट गाठ यांतला फरक विचारला, तर म्हणायचे, "साधी गाठ आपल्या वावरात राहते. फुगेल, पण बांध ओलांडत नाही. कॅन्सर बांध कोरतो." हे वाक्य ऐकल्यावर आमच्या भागातल्या माणसाला आणखी काही समजवावं लागत नाही. बांध कोरणारा शेजारी प्रत्येकाच्या माहितीचा असतो. रक्ताच्या कॅन्सरचं तर ते फार झकास सांगायचे. "त्याला गाठ नाही. पाटाचं पाणीच बिघडलं तर कुठल्या वाफ्यावर बोट ठेवणार? झऱ्याशी जावं लागतं. आणि रक्ताचा झरा हाडाच्या पोटात असतो." हे सांगताना स्वतःच्या नडगीवर अशी टिचकी मारायचे, की ऐकणाऱ्याची नडगी दुखावी.

मी मंडळाच्या नाटकांतून कामं करतो. मी टिचकीला दाद द्यायचो. "वा, भाऊसाहेब! तुम्ही रंगमंचावर पाहिजे होता."

"आणि तुम्ही काउंटरच्या आत पाहिजे होता, नटवर्य. गिऱ्हाईक उभं आहे."

हे वेड त्यांना कसं लागलं, ते एकदाच बोलले. त्यांचे थोरले भाऊ वारले. घरात सगळे म्हणाले, कॅन्सरनं गेले. वर्षश्राद्धाच्या पंगतीत भाऊसाहेबांनी सहज विचारलं, कशाचा? पंगत थांबली. भावजयीला माहीत नव्हतं. मुलाला माहीत नव्हतं. पोट दुखायचं, असं एक म्हणाला. नाही, पाठ दुखायची, असं दुसरा. ज्या माणसाच्या जमिनीचा वीतभर तुकडा कुठे आहे हे घरात प्रत्येकाला ठाऊक, तो माणूस कशानं गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "पत्रावळीवरून उठलो मी," भाऊसाहेब म्हणाले. "म्हटलं, माणूस असा बेनाव जाता कामा नये. निदान मी तरी जाणार नाही."

त्यानंतर मी हा विषय काढला नाही. त्यांनीही नाही.

हिर्डोशीच्या लक्ष्मीबाईंची कथा मात्र मी अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी थोडी वाढवून सांगितली आहे. आज न वाढवता सांगतो. हिर्डोशी वरंध घाटाच्या वाटेवर. गाडी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. लक्ष्मीबाई तिथून माझ्याकडे "सुजेवरचा लेप" मागायला आल्या. कुठे सूज, तर "वरच्या अंगाला". कुठं वरच्या, तर पदर घट्ट. मी पुरुष, भाऊसाहेब पुरुष, समोर अख्खा स्टँड. भाऊसाहेबांनी एका क्षणात ओळखलं आणि माझ्या दुकानातल्या पोराला आपल्या घरी पिटाळून कुसुमकाकूंना बोलावून घेतलं.

कुसुमकाकू म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. नवऱ्याला जे सांगायला अर्धा तास लागे ते त्या भाजी निवडता निवडता दोन वाक्यांत उरकत. बायकांचं खातं त्यांच्याकडे होतं. पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा आजार म्हटलं की त्या विचारत, "उंबऱ्याचा की माजघराचा?" पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि पिशवीच्या आतला वेगळा, आणि उंबऱ्याचा आधीच तपासून कळू शकतो, हे त्यांनी हळदीकुंकवाच्या वाणासोबत किती घरांत पोचवलं असेल, देव जाणे.

काकूंनी लक्ष्मीबाईंना आतल्या खोलीत नेलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "गाठ आहे. लेप नको. गाडी काढायला सांगा."

गाडी माझी. पुण्याला जाताना लक्ष्मीबाई कापूरहोळपर्यंत पदर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होत्या. पुढे म्हणाल्या, "भाऊसाब, नाव लागलं की मानूस मरतो म्हनं."

"नाव न लागताच मरतो, लक्ष्मीबाई. नाव लागलं तर भांडता येतं."

तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, केस वर बांधलेले, बोलणं शांत. भाऊसाहेबांनी विचारलं, "मूळ गाव कोणतं?" ती बावचळली. मी दुभाष्याचं काम केलं. तेव्हा ती हसली आणि लक्ष्मीबाईंचा हात धरून म्हणाली, "मूळ गाव छाती. काखेच्या वेशीपर्यंत आलाय, पुढे गेलेला नाही."

"म्हणजे पुढं हाडात घावला आसता तर हाडाचा झाला आसता?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाली. "हाडात सापडला तरी तो छातीचाच."

भाऊसाहेबांचा चेहरा असा खुलला, की जणू त्यांच्या बाजूनं निकाल लागला. कारण त्यांचं स्वतःचं गाव गुंजवणी नदीच्या अंगाला होतं आणि ते धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. माणसं पांगली. कोणी खाली सपाटीला गेलं, कोणी मुंबईला, भाऊसाहेब भोरला. "पण विचारा कुणालाही," परतताना ते लक्ष्मीबाईंना सांगत होते, "आम्ही मूळ गाव तेच सांगतो. भोरात तीस वर्षं राहिलो म्हणून भोरचा झालो का? तसाच हा. कुठंही जाऊन बसू दे, खोड मूळ गावाची. औषध मूळ गाव बघून द्यायचं."

लक्ष्मीबाईंचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले. आता दर पावसाळ्यानंतर नाचणी घेऊन येतात आणि माझ्या काउंटरवर ठेवून म्हणतात, "ही तुमची न्हाई. भाऊसाबांची."

भाऊसाहेबांची पद्धत सगळ्यांना लागू पडायची असं मात्र नाही. एकदा नामदेव म्हणून गृहस्थ आले, सोबत मुलगा. मुलगा मला डोळ्यांनी खुणावतो आहे, की बोलू नका. "आबांना उष्णता झालीय तोंडात," तो मोठ्यानं म्हणाला. पण पायरीवरून नेहमीचा प्रश्न सुटला होता, "नाव काय सांगितलं?" मुलगा पांढराफटक. मी खोकलो. चांगला खोकतो मी, दोन नाटकांत म्हाताऱ्याचं काम केलंय. भाऊसाहेबांना खोकला कळला, ते गप्प झाले. मुलगा रसवंतीवर गेला तेव्हा नामदेव स्टुलाजवळ सरकले आणि म्हणाले, "जिभंचा हाय. म्या तंबाखू खाल्ली, मला ठाव हाय. पर पोराला सांगू नगा. त्यो लई भित्रा हाय."

मुलगा रसाचा पेला घेऊन आला. बाप म्हणाला, "उष्णताच ती, रसानं बरं वाटंल." भाऊसाहेबांनी मान वळवून स्टँडकडे बघितलं. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी कुणालाही नाव विचारलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी चप्पल स्टुलाखाली सरकवली आणि बसताना हात बरगडीखाली, उजवीकडे धरला. दुसऱ्या दिवशीही धरला. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "भाऊसाहेब, तिथं कोण राहतं?"

"लिव्हर," ते म्हणाले. आणि सवयीनं पुढे: "लिव्हर म्हणजे आपलं एसटी स्टँड. आतड्यातलं सगळं रक्त आधी तिथं येतं. त्यामुळं कुणीही परगावचा चुकार तिथं उतरून बसलेला सापडतो." आम्ही दोघंही समोरच्या स्टँडकडे बघत राहिलो.

तपासलं तेव्हा लिव्हरमध्ये गाठी होत्या. एक नाही, बऱ्याच. तुकडा काढून तपासला. तीच डॉक्टर, आता केसांत एक-दोन पांढरे. ती म्हणाली, "लिव्हरमध्ये आहे, पण लिव्हरचा नाही. बाहेरून आलाय."

"हे मी सांगतो लोकांना," भाऊसाहेब म्हणाले. अगदी उत्साहानं म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाच्या तपासणीला आले होते. "मूळ गाव कोणतं?"

मूळ गाव शोधायला सुरुवात झाली. तोंडातून नळी घातली, जठर स्वच्छ. खालून नळी घातली, आतडं स्वच्छ. फुफ्फुसांत काही नाही. स्वादुपिंडात काही नाही. सगळ्या अंगाचा तो मोठा फोटो काढला. त्यात लिव्हर दिवाळीसारखं उजळलं होतं आणि बाकी सगळा अंधार. प्रत्येक तपासणीला भाऊसाहेब आशेनं जायचे. आणि आशा कसली, तर आपल्यात कुठेतरी कॅन्सर सापडेल, ही! बाहेरच्या बाकावर बसलेले लोक निकाल चांगला यावा म्हणून देव पाण्यात घालत होते, आणि आमचे भाऊसाहेब "काही सापडलं नाही" ऐकून तोंड पाडून बाहेर येत होते. मी आयुष्यात पुष्कळ विनोदी प्रवेश केले आहेत. या प्रवेशात हसू कुठे घ्यायचं ते मला समजेना.

शेवटी डॉक्टरनं खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली. "काका, काही जणांत असं होतं. मूळ कुठलं ते सापडतच नाही. कधी ते इतकं बारीक असतं की दिसत नाही. कधी मूळ जागा मिटूनही जाते, आणि पसरलेलं तेवढं राहतं."

"गाव बुडालं," भाऊसाहेब म्हणाले.

डॉक्टरला ते कळलं नाही. या वेळी मी दुभाष्याचं काम केलं नाही.

"मग औषध?"

"देऊ. बऱ्याच प्रकारांवर थोडंफार चालतं असं. त्यानं त्रास कमी होईल, कदाचित थोडा वेळ मिळेल. पण नेमकं नाही देता येणार."

"पत्ता नसलेलं टपाल," भाऊसाहेब म्हणाले आणि टोपी घातली.

परतताना ते गाडीत माझ्या शेजारी होते. काकू मागे बसल्या होत्या. कापूरहोळ गेल्यावर भाऊसाहेब समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "म्हणजे दादा गेला तसाच."

काकू मागून म्हणाल्या, "सापडलं असतं तर काय आरती करणार होता त्याची?" आणि मग पुढे वाकून त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो भोरच्या पुलापर्यंत काढला नाही.

बातमी फिरली. आणि मग जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ! भाऊसाहेबांनी इतकी वर्षं ज्यांना शिकवलं ते सगळे शिष्य भेटायला आले, आणि प्रत्येकानं गुरूला गुरूचाच प्रश्न विचारला. "आडनाव कळलं, भाऊसाब. नाव सांगा की."

"नाव नाही."

"असं कसं?"

मग त्यांच्या घराच्या ओट्यावर ग्रामसभा भरायची. विषय एकच, भाऊसाहेबांचं पोट. "स्वादुपिंड नीट बघितलं का? ते माघारी लपून बसतं. मागल्या दाराचा मुका भाडेकरू, तुमीच सांगितलंय." "पित्ताच्या नळीचं काय?" "थायरॉइड? आमच्या मेव्हणीचा मानंत हुता." प्रत्येक जण एक एक अवयव घेऊन यायचा, आहेर आणल्यासारखा. भाऊसाहेब प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, बघितलं, तिथं नाही. मास्तरला वर्गानं प्रश्न विचारावा आणि उत्तर मास्तरलाच येऊ नये, तसे बसायचे. एकानं तर जाता जाता समजूत घातली, "सापडंल, भाऊसाब. धीर धरा." काकूंनी स्वयंपाकघरातून भांडं आपटलं.

मी रोज दुकान उघडायच्या आधी जायचो. मळमळीची गोळी द्यायचो, नकला करून दाखवायचो. नकला त्यांना आवडायच्या. पण हसले की बरगडीखाली दुखायचं, म्हणून ते हात वर करून मला थांबवायचे. हसवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मग मी नुसता बसायचो. मळमळीवर माझ्याकडे चार कंपन्यांच्या गोळ्या होत्या. बाकी कशावर काही नव्हतं.

एकदा मी म्हणालो, "भाऊसाहेब, नाव नसलं तर काय बिघडतं?"

त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "वर्षानं पंगत बसेल. कुणीतरी विचारेल, कशानं गेले? पोरं एकमेकांकडं बघतील." पुढे म्हणाले, "मी बघितलीय ती पंगत."

पावसाळा सरला. भात पिवळं पडलं. भाऊसाहेबही. डोळे, नखं, तळवे पिवळे. सकाळी त्यांना उचलून ओट्यावर उन्हात बसवायचं, एवढाच दिनक्रम राहिला. अशाच एका सकाळी मी गेलो तेव्हा ओट्यावर लक्ष्मीबाई होत्या. पहिल्या गाडीनं हिर्डोशीहून आलेल्या. शेजारी नाचणीचं गाठोडं.

त्यांनी भाऊसाहेबांना नीट निरखलं. रडल्या नाहीत. विचारलं, "नाव?"

"गावच नाही त्याला, लक्ष्मीबाई. कुठून आलाय ते कळत नाही. स्टँडवर सापडलाय. कुणी ओळखीचं नाही."

लक्ष्मीबाईंनी गाठोडं जवळ ओढलं. "मग हिर्डोशी लावा."

"काय?"

"मूळ गाव हिर्डोशी. आमचा म्हना."

"असं लावता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण त्यात जुना तलाठी जागा झाला होता. "पुरावा लागतो."

"पुरावा मी. माजा गेला तो कुटं गेला आसंल? आला आसंल तुमच्याकडं. तुमचं घर त्याला ठावंच हाय."

"लक्ष्मीबाई! किती वेळा सांगितलं, तो असा एका माणसाकडून दुसऱ्याकडं जात नाही. मूर्खासारखं बोलू नका."

"ठाव हाय की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुमीच शिकवलंय. लागट न्हाई, शिवून हुत न्हाई, समदं पाठ हाय. पर बिनगावाचं कसं ऱ्हायाचं म्हनते मी? आमी घेतो त्याला आमच्यात."

भाऊसाहेब हसायला लागले. मी हात वर करून त्यांना थांबवायला गेलो, पण त्यांनी मलाच थांबवलं. दुखत होतं, तरी हसत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. नाचणीच्या गाठोड्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसायला आत गेल्या.

तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी सायकल थांबवली. बाजारपेठेतलाच माणूस, बऱ्याच दिवसांत न भेटलेला. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवून तिथूनच ओरडून विचारलं, "कसं काय, भाऊसाहेब? ऐकलं ते खरं का? कशाचा निघाला?"

भाऊसाहेबांनी मान ताठ केली. पायावर पाय टाकायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी खाली वाकून त्यांचा पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला.

"हिर्डोशीचा," भाऊसाहेब म्हणाले.

सायकलवाल्याला काही कळलं नाही. तो मान हलवून निघून गेला. लक्ष्मीबाईंनी पदर कानामागे खोचला आणि समोर बघत राहिल्या, जणू त्यांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. माझी दुकान उघडायची वेळ झाली होती. कोपऱ्यावरून वळताना मी मागे बघितलं. ते दोघं तसेच उन्हात बसले होते, आणि भाऊसाहेब बोट नाचवून लक्ष्मीबाईंना काहीतरी समजावत होते.